लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर
निराधार वृद्धांसाठी घरे चालवणारा रोमन कॅथलिक जोगिणींचा संघ. संस्थापिका संत झान ज्युगाँ (१७९२–१८७९) फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची, कोळ्याघरची लेक. घरकाम करून पोट भरणाऱ्या झानने १८३९ च्या हिवाळ्यात एका अंध, पक्षाघात झालेल्या म्हातारीला घरी आणून स्वतःचा पलंग दिला. संघाची सुरुवात ती हीच. वृद्ध वाढले तशी ती टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. शिळा पाव, जुने कपडे, नाणी, मिळेल ते घेई. आपल्याकडच्या माधुकरीशी जवळचे नाते सांगणारी ही रीत संघाने आजही सोडलेली नाही. इतर तीन व्रतांसोबत या जोगिणी आतिथ्याचे चौथे व्रत घेतात. वृद्ध त्यांच्या लेखी पाहुणा असतो.

संघावर ताबा मिळवलेल्या धर्मगुरूने झानला बाजूला सारून स्थापनेचे श्रेय स्वतःकडे घेतले. शेवटची २७ वर्षे तिने मातृगृहात अज्ञातवासात काढली. शेजारच्या नवशिक्या जोगिणींनाही संस्थापिका कोण हे ठाऊक नव्हते. हा अन्याय नोंदवलाच पाहिजे. २००९ मध्ये तिला संतपद मिळाले. भारतातील पहिले घर कोलकात्यात १८८२ मध्ये उघडले.