ॲबरिस्टविथ : प्रवाशांचे नगर आणि वेल्श समाज

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगन उपसागराच्या काठी ॲबरिस्टविथ हे बाजारपेठेचे गाव वसले आहे. येथे येणारा प्रवासी पडका किल्ला पाहतो, समुद्रालगतच्या रस्त्याने फिरतो आणि त्या रस्त्याच्या उत्तर टोकाच्या कठड्यास रूढीप्रमाणे पाय लावून परततो. प्रवाशांच्या दृष्टीने ही सारी केवळ रम्य स्थळे होत. परंतु ती एकाच हेतूने निर्माण झालेली नाहीत. परक्यांनी आपल्या सोयीसाठी उभारलेले नगर वेल्श समाजाचे कितपत झाले, हा त्यांच्या इतिहासातील खरा प्रश्न आहे.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्श राजपुत्र लुएलिन याच्याविरुद्धच्या मोहिमेत इ. स. १२७७ मध्ये येथील किल्ला बांधावयास घेतला. त्याच वर्षी त्याने नगरास सनद देऊन बाजार भरविण्याचा अधिकार दिला. किल्ला आणि बाजार ही अशा रीतीने एकाच राज्यनीतीची दोन अंगे होती. ओवाइन ग्लिंडूर याने १४०४ मध्ये किल्ला घेतला; १४०८ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला. १६३७ मध्ये जवळच्या खाणींतील चांदीसाठी तेथे टांकसाळ निघाली आणि यादवी युद्धानंतर, १६४९ मध्ये, पार्लमेंटच्या पक्षाने तो निकामी केला.

१८६४ मध्ये लोहमार्ग आला आणि नगराकडे पर्यटकांचा ओघ सुरू झाला. पुढच्याच वर्षी समुद्रात जाणारा धक्का विहारासाठी खुला झाला. लोहमार्गाचा कंत्राटदार टॉमस सॅव्हिन याने किनाऱ्यावर भव्य हॉटेल बांधावयास घेतले. परंतु १८६६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. सुमारे ८०,००० पौंड खर्ची पडलेली ही अपुरी इमारत वेल्श विद्यापीठाच्या पुरस्कर्त्यांनी अवघ्या १०,००० पौंडांना घेतली आणि १८७२ च्या ऑक्टोबरात २६ विद्यार्थ्यांनिशी तेथे महाविद्यालय सुरू झाले. धनिकांच्या देणग्यांबरोबरच प्रार्थनामंदिरांतून गोळा झालेल्या सामान्य जनांच्या पेनींवर ते तगले. १९०७ मध्ये वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची सनदही याच नगरास लाभली.

तथापि या घटनाक्रमास निव्वळ राष्ट्रीय विजयाचे रूप देणे युक्त नव्हे. या महाविद्यालयाचे अध्यापन मुख्यत्वे इंग्रजीतून होत असे. पर्यटनाचा व्यापही वाढतच होता : १८९६ मध्ये टेकडीवर जाणारी तारेची रेल्वे निघाली आणि १९०२ मध्ये राइडॉल खोऱ्यातील अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. या दुसऱ्या मार्गाच्या उभारणीमागे शिशाचे खनिज आणि लाकूड यांची वाहतूकही होती. खाणी मंदावल्यावर तो प्रवाशांवरच टिकला. २ फेब्रुवारी १९६३ रोजी वेल्श भाषेच्या चळवळीतील तरुणांनी ट्रेफेखन पुलावर बसून वाहतूक अडविली. न्यायालयाचे समन्स आपल्या भाषेतही मिळावे, ही त्यांची मागणी होती. शिक्षणसंस्था हाती आल्यानंतरही शासनव्यवहारात भाषेला स्थान मिळालेले नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.

सारांश, येथील वास्तूंचा अर्थ त्यांच्या निर्मात्यांच्या हेतूने कायमचा ठरलेला नाही. विजेत्याचा किल्ला विहाराचे स्थान झाला, फसलेले हॉटेल विद्येचे केंद्र झाले आणि रहदारीचा पूल भाषेच्या हक्काचे स्मरणस्थान ठरला. पर्यटनाचा इतिहास लिहिताना प्रवाशांच्या संख्येइतकाच या स्वामित्वाच्या प्रश्नाचाही विचार करणे अगत्याचे आहे.