शिकाऱ्याच्या कमरेचे दुसरे शस्त्र

मोठ्या जनावराच्या शिकारीत रायफल हे मुख्य शस्त्र असते. ती रिकामी झाली, हातून सुटली किंवा जनावर इतके जवळ आले की लांब नळी फिरवायलाही जागा उरली नाही, तर उपयोगी पडावे म्हणून कमरेला बाळगलेले पिस्तूल अथवा रिव्हॉल्व्हर म्हणजे राखीव शस्त्र. भारतात शिकारीवर बंदी असल्याने या शस्त्राची निवड हा आता बव्हंशी इतिहासाचा विषय आहे. देवळाली कॅम्प परिसरात मात्र तो पूर्णपणे इतिहासजमा झालेला नाही. दारणाकाठचा ऊस, भगूर-लहवितकडील मळे आणि लष्कराच्या ताब्यातील झुडपी माळ यांमध्ये बिबट्याचा वावर नित्याचा झाला आहे. त्यामुळे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याच्या मनात ‘प्रसंग आलाच तर याचा उपयोग होईल का’ हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. जुन्या शिकाऱ्यांचा अनुभव या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे देतो.

या शस्त्रप्रकाराचा जन्मच हिंदुस्थानातल्या वाघाच्या शिकारीतून झाला. एकोणिसाव्या शतकात साहेब आणि संस्थानिक हत्तीच्या हौद्यात बसून शिकार करीत. जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर किंवा पुठ्ठ्यावर झेपावला, की हौद्यातल्या माणसाला लांब बंदूक वळविणे अशक्य होई. अशा वेळी हाताच्या अंतरावरून झाडण्यासाठी इंग्रज कारागिरांनी आखूड, जाड नळ्यांची दुनळी पिस्तुले बनविली. ‘हौदा पिस्तूल’ हे नाव त्यांना यावरूनच पडले. त्यांतील काही तर सैन्याच्या स्नायडर रायफलीचे पॉइंट ५७७ चे काडतूस उडवीत. पुढे लंडनच्या चार्ल्स लँकेस्टर यांच्या पेढीचे चार नळ्यांचे पिस्तूल प्रसिद्धीस आले. नेम, पल्ला, देखणेपणा यांपैकी कशालाच येथे महत्त्व नव्हते. हवी होती ती फक्त जड गोळी, आणि पहिली वाया गेल्यास लगेच दुसरी.

देवळालीची छावणी इंग्रजी अमदानीत येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींच्या मुक्कामाची जागा होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे शिपाई येथे महिनोन्‌महिने कंटाळत पडून राहत. वेड लागलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला तो या गावाच्या नावावरूनच. त्या काळातील ब्रिटिश अधिकाऱ्यांना आपले कमरेचे शस्त्र स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे. अट एवढीच, की त्यात सरकारी काडतूस बसले पाहिजे. म्हणून १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारल्यानंतर अधिकाऱ्याच्या कमरेला बहुधा तेच किंवा त्याच जातीचे शस्त्र दिसू लागले, आणि रजेत शिकारीला निघताना तेच बरोबर जाई. राखीव शस्त्राची ‘निवड’ म्हणजे पुष्कळदा एवढेच होते.

तरीही रिव्हॉल्व्हरला पसंती मिळण्यामागे सबळ कारणे होती. पावसाळी हवेत काडतुसे सर्दावत. एखादे उडाले नाही, तर रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा दाबताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. स्वयंचलित पिस्तुलात मात्र अडकलेले काडतूस हाताने मागे खेचून काढावे लागते. वाघ अंगावर आलेला असताना दुसरा हात मोकळा असेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

आता शक्तीचा हिशेब पाहू. वेब्लीच्या पॉइंट ४५५ काडतुसाची गोळी सुमारे १७ ग्रॅम वजनाची, आणि तिचा वेग सेकंदाला १८० मीटरच्या आसपास. यातून निघणारी ऊर्जा ३०० ज्यूलच्याही आत राहते. १९१२ मध्ये बाजारात आलेल्या पॉइंट ३७५ मॅग्नम या मोठ्या जनावरांच्या नामांकित रायफलीची ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलच्या पुढे जाते. फरक जवळजवळ वीसपटींचा आहे. भारतात परवानाधारकांकडे सर्रास आढळणारे पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर तर वेब्लीच्याही खाली, २०० ज्यूलच्या आत राहते. अमेरिकेत अस्वलांच्या मुलखात हिंडणारे लोक पॉइंट ४४ मॅग्नम वापरतात. त्याची ऊर्जा साधारण १३०० ज्यूल असूनही तेथील जाणकार त्याला अखेरचा उपायच मानतात.

शिवाय गोळी जनावराला मारते आणि गोळी जनावराला जागीच थोपवते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काळजाच्या आसपास गोळी लागलेला बिबट्याही काही सेकंद धावू शकतो, आणि वीस मीटर अंतर कापायला त्याला दोन सेकंदही पुरतात. मेंदू किंवा पाठीचा कणा भेदला गेला, तरच तो जागच्या जागी कोसळतो. धावत येणाऱ्या, जमिनीलगत दबलेल्या जनावराच्या त्या नेमक्या जागेवर रिव्हॉल्व्हरची गोळी बसविणे कसलेल्या नेमबाजालाही अवघडच.

म्हणूनच अनुभवी शिकारी कमरेच्या शस्त्रावर फारशी भिस्त ठेवीत नसत. त्यांचे खरे राखीव शस्त्र म्हणजे दुनळी रायफलीची दुसरी नळी, आणि त्याहून महत्त्वाचा, शेजारी उभा असलेला दुसरा बंदूकधारी. जखमी जनावर अर्धवट सोडून येऊ नये, ते ज्याने जखमी केले त्यानेच शोधून संपवावे, असा शिकारीचा अलिखित दंडक होता. जखमी बिबट्याचा असा माग काढताना मोठ्या छऱ्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक पुष्कळांना रायफलीहूनही भरवशाची वाटे. कारण झुडपातून अवघ्या काही पावलांवर उठणाऱ्या जनावरावर नेम धरायला वेळच नसतो. जिम कॉर्बेट यांनी १९३० मध्ये चौगडची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रानपाखराची अंडी होती आणि उजव्या हातात हलकी पॉइंट २७५ रायफल. ती एका हातानेच हळूहळू वळवून त्यांनी गोळी झाडली. हाताशी काय आहे, यापेक्षा हात किती शांत आहे, याला तेथे अधिक मोल होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र बदलले. बिबट्या या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या शिकारीसाठी किमान तीन ते कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने जनावर मारले गेल्यास तो गुन्हा ठरत नाही. पण मारणारा त्या वेळी हाच कायदा मोडत असेल, तर ही सवलत मिळत नाही. स्वसंरक्षणाच्या शस्त्रपरवान्याचा अर्थ उसात शिरून बिबट्या शोधण्याची मुभा, असा होत नाही. माणसांना धोकादायक ठरलेला बिबट्या मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, आणि तीसुद्धा त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलविणे शक्य नाही, अशी खात्री पटल्यावर.

राखीव शस्त्राचा प्रश्न आज खऱ्या अर्थाने उभा राहतो तो वन विभागाच्या बचाव पथकापुढे. बेशुद्धीचे इंजेक्शन फेकणाऱ्या बंदुकीचा पल्ला थोडा असतो, आणि औषध अंगात भिनायला कित्येक मिनिटे लागतात. तेवढा वेळ बिथरलेला बिबट्या मोकळाच असतो. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात शिरलेल्या बिबट्याने गर्दीतल्या काही जणांना जखमी केले, ते अशाच धावपळीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे आधी इंजेक्शनचा प्रयत्न झाला. तो फसून बिबट्या पथकावर चालून आल्यावर रायफलधारी नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या. कमरेच्या पिस्तुलाचे ते काम नव्हते. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ‘अवनी’ वाघीण मारली गेली, तेव्हा आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का, यावरूनच मोठा वाद पेटला. राखीव शस्त्र मुख्य शस्त्राच्या आधी वापरले गेल्याचा संशयसुद्धा आता पथकाला महागात पडतो.

देवळालीतील परवानाधारकाला या साऱ्यातून घेण्यासारखे थोडेच, पण महत्त्वाचे आहे. बिबट्याचा माणसावरील हल्ला बहुधा अंधारात, मागून किंवा बाजूने आणि वाकलेल्या किंवा बसलेल्या व्यक्तीवर होतो. लहान मुले त्यात अधिक सापडतात. म्यानातून रिव्हॉल्व्हर काढण्याइतकी सवड त्यात मिळत नाही. दुरून दिसलेल्या बिबट्यावर पॉइंट ३२ ची गोळी झाडली, तर बहुधा तो जखमी होऊन उसात शिरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच उसात मजूर कोयता घेऊन उतरतात. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी आणि काठी, सोबतीला माणूस, मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी आणि वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक, एवढे जवळ असले तर कमरेचे शस्त्र घरी कुलपात राहिले तरी चालते.