केंद्रापासून पळणारा

साखर कारखान्याच्या दारात ज्याची उमर गेली, त्याला 'सेंट्रिफ्यूज' हा शब्द कोशात शोधण्याचे कारण पडू नये. मला पडले. पगाराच्या बोलणीत एका कारखान्याच्या साहेबांनी सुनावले, "त्या यंत्रावर माणूस करतो काय? साखर आपोआप निघते!" त्या रात्री मी कोश उघडला.

शब्द लॅटिन. 'सेंट्रम' म्हणजे केंद्र, 'फ्यूगेरे' म्हणजे पळणे. पैकी 'सेंट्रम' मूळचा ग्रीक 'केंत्रोन', आणि आपला संस्कृत म्हणून मिरवणारा 'केंद्र'ही तेथूनच, ज्योतिषाबरोबर आलेला. केंत्रोन म्हणजे टोचणारे टोक; बैलाला टोचतात ती पराणी! म्हणजे ऊस आणणाऱ्या गाडीवानाच्या हातातच हा शब्द होता.

केंद्रापासून पळू पाहणाऱ्या या जोरावर डच पंडित हायगेन्स याने १६५९ साली निबंध लिहिला. तो छापला गेला १७०३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त उलट बाजू मांडली : वस्तू वळते ती केंद्राकडे ओढली जाते म्हणून, ओढ सुटली की ती सरळ जाते. गोफणीतला धोंडा आठवा.

कारखान्यात हेच घडते. फिरत्या टोपलीची जाळी साखरेचा कण अडवते, मळीला भोकांतून वाट मिळते. पूर्वी निमुळत्या मातीच्या भांड्यात राब भरून वर ओली माती थापीत, आणि मळी खालच्या भोकातून ठिबकत राही. उत्तरेकडील खांडसरीत मातीऐवजी पाणशेवाळ पसरीत. याला आठवडे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टोपली आली आणि काम मिनिटांवर आले. १८७८ साली स्वीडनच्या डे लाव्हालने याच युक्तीने दुधातली साय वेगळी काढली. आज रक्त तपासणारे आणि युरेनियम निवडणारेही तिच्याच आधाराने चालतात.

पण आपोआप? जुन्या यंत्रावर पाणी किती मारायचे हे माणूसच ठरवी. जास्त झाले तर साखर विरघळून मळीत जाते, कमी पडले तर पिवळी राहते. आणि टोपली पुरती थांबण्याआधी हात घातला, तर हात जातो. आमच्या एका गड्याची दोन बोटे अशीच गेली होती.

पुढल्या बैठकीत मी साहेबांना हे सारे सांगितले, पराणीसकट. ते हसले. पगाराचा मुद्दा त्या दिवशी तसाच राहिला. टोपली थांबेपर्यंत न उघडणारे झाकण मात्र पुढच्या हंगामाआधी बसले.