मस्कतचा दरवाजा आणि हमीदार

व्हिसा ही केवळ कारकुनी बाब आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कागद जमवावेत, शुल्क भरावे, परवाना हाती आला की ते सारे विसरून जावे. आखाती देशांच्या बाबतीत ही समजूत पुरेशी नाही असे आम्हांस वाटते. तेथील प्रवेश-परवान्यामागे एक जुना प्रश्न उभा आहे: येणाऱ्याची हमी कोण घेणार? ओमानच्या उदाहरणावरून तो चांगला उलगडतो.

मस्कत शहराला तट होता आणि तटाला दरवाजे. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या कारकिर्दीत (१९३२ ते १९७०) सूर्यास्तानंतर तीन तासांनी मिरानी किल्ल्यावरून तोफ होई आणि दरवाजे बंद होत. त्यानंतर शहरात पायी फिरणाऱ्याने हाती पेटता कंदील धरलाच पाहिजे असा नियम होता. विजेरी चालत नसे, कंदीलच हवा. देशात येऊ इच्छिणाऱ्या परकीयाच्या परवान्याला तर खुद्द सुलतानाची संमती लागे. सुलतान १९५८ पासून मस्कत सोडून सुमारे हजार किलोमीटर दूर सलालाला राहू लागले होते. म्हणजे अर्ज मस्कतला आणि निर्णय सलालाला! ओमानी प्रजेचीही यातून सुटका नव्हती. शिक्षणासाठी वा कामासाठी बाहेर गेलेल्या कित्येकांना स्वदेशाचे दार पुन्हा उघडले नाही.

या बंदिस्तपणाची दुसरी बाजू आपल्याला अधिक जवळची आहे. याच सुलतानांचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले होते. त्यांचे वडील तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले ते मुंबईत. मस्कतच्या बाजारात कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यानपिढ्या होत्या. चलन रुपया होते. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ च्या अवमूल्यनानंतर इतरांनी रुपया टाकला, तरी मस्कतने तो १९७० पर्यंत चालवला. मुंबईहून आखाताकडे बोटी नियमित जात. त्या मार्गावरची 'द्वारका' ही बोट तर १९८२ पर्यंत चालू होती. (आपल्याकडे 'मस्कत' नावाचे डाळिंब पिकते, त्याचाही येथे उल्लेख करण्याचा मोह होतो. असो.) अशा प्रदेशात भाटिया पेढीवर येणाऱ्या नव्या मुनिमाला ओळखीची वानवा नव्हती. त्याच्यासाठी शब्द टाकणारे माणूस बंदरावर आधीच हजर असे.

शब्द टाकणाऱ्या या माणसाला पुढे कायद्याने नाव मिळाले: कफील. कफाला पद्धत ही अरबांची अनादी परंपरा आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. आम्हांस ते अर्धसत्य वाटते. आश्रिताची जबाबदारी यजमानावर, हा संकेत जुना खरा. परंतु त्याला सरकारी नियमाचे रूप येण्यात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सेवेतील अधिकाऱ्यांचा हात होता. बहारीनमध्ये १९२० च्या दशकात, मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्या परदेशी मजुरांची जबाबदारी त्यांना आणणाऱ्या नाखव्यांवर टाकली गेली. परक्या माणसांवर नजर ठेवायला पुरेसा नोकरवर्ग नव्हता. तेव्हा ते काम मालकावरच सोपवणे सोयीचे आणि स्वस्त होते. तेलाच्या काळात मजुरांची संख्या प्रचंड वाढली, आणि ही स्वस्त सोय साऱ्या आखाताची व्यवस्था होऊन बसली.

२३ जुलै १९७० रोजी काबूस यांनी वडिलांना पदच्युत केले आणि मस्कतचे दरवाजे उघडले. उघडले, पण सर्वांना सारखे नव्हे. रस्ते, शाळा, रुग्णालये बांधण्यासाठी कामगार हवे होते. ते ओमानी पुरस्कर्त्याच्या नावाने आले. निव्वळ हौशी पर्यटकाला मात्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जवळजवळ मज्जाव होता, आणि त्यानंतरही त्याची हमी एखाद्या हॉटेलने वा प्रवासी कंपनीने घ्यावी लागे.

आज पर्यटकासाठी हे चित्र पालटले आहे. रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो आणि पारपत्र किमान सहा महिने वैध असावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये शंभरावर देशांच्या नागरिकांना चौदा दिवसांसाठी व्हिसामाफी मिळाली. भारतीयांना ती सरसकट नाही. अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा वैध व्हिसा जवळ असेल तर सवलत मिळते. आमच्या मते ही कफालाच होय, फक्त हमीदार बदलला आहे. नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. वेदनाशामक वा झोपेची औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणेपिणे टाळावे, आणि माणसांची छायाचित्रे विचारल्याखेरीज काढू नयेत.

कामगाराची गोष्ट निराळी. १ जानेवारी २०२१ पासून ओमानमध्ये करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या 'ना हरकत' पत्राशिवाय दुसरी नोकरी धरता येते. हा बदल लहान नाही. तरी त्याचे तेथील वास्तव्य अजून मालकाच्या नावाशीच बांधलेले असते. इकडे भारतातही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये, दहावी न झालेल्या माणसाला आखातात नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे कटकट, असे दलाल त्याला सांगतो आणि पर्यटक व्हिसावर पाठवून देतो. पर्यटकाला मंजुरी लागत नाही. परंतु त्या व्हिसावर काम करणे बेकायदा असल्याने मजुरी थकली तर दाद मागायला करार नसतो. नियमाने आलेल्याचा कफील कितीही वाईट असो, कागदावर त्याचे नाव तरी असते. या माणसाची हमी दोन्ही किनाऱ्यांवर कोणीच घेतलेली नसते. रत्नागिरी-रायगडाकडून आखातात जाणाऱ्याने म्हणून विमानाच्या तिकिटाआधी व्हिसावरचा प्रकार वाचून घ्यावा, आणि तो अरबीत असेल तर वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यावा.