सीपॅप लावूनही झोप का होत नाही? मशीनला दोष देण्याआधी मास्क आणि कूस तपासा

स्लीप ॲप्नियाचं निदान झालं, डॉक्टरांनी सीपॅप मशीन लिहून दिलं, खिशाला चाट लावून ते घरी आणलं. आणि दोन महिन्यांत ते कपाटावर जाऊन बसलं. ‘गुदमरल्यासारखं होतं’, ‘तोंड कोरडं पडतं’, ‘हवा डोळ्यांत जाते’, ‘लावूनही घोरणं थांबत नाही’ या तक्रारी नेहमी ऐकू येतात. अशा वेळी लोक मशीनला नावं ठेवतात किंवा ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणून सोडून देतात.

पण मशीन तेच ठेवून फक्त मास्क बदलला, किंवा उताणं झोपण्याऐवजी कुशीवर झोपलं, तरी उपचाराचा परिणाम बदलतो. हे का होतं आणि घरच्या घरी काय तपासता येतं, ते पाहू.

आजार नेमका काय आहे?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांमध्ये ते इतके सैल पडतात की जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग श्वासाची वाट अडवतो. श्वास किमान १० सेकंद थांबतो किंवा खूप कमी होतो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी हे आठवतही नाही. रात्रभर हेच चालू राहिल्यानं आठ तास झोपूनही दिवसा पेंग येते. यालाच ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी त्याचं जवळचं नातं आहे.

तासाला असे किती अडथळे येतात, त्या आकड्याला ‘एएचआय’ म्हणतात. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याचं प्रमाण १९.५ टक्के असल्याचा अंदाज निघाला. अडथळ्यासोबत दिवसा झोप येण्याचाही त्रास असलेले ७.५ टक्के होते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून याच आजाराचं नाव घेतलं होतं. त्यांना छातीचा संसर्गही वारंवार होत होता.

हायवेवरच्या गावाला याचं काय?

जालना जिल्ह्यातलं शहागड घ्या. अंबड तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथं गोदावरी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका लागतो. ट्रक, एसटी, ट्रॅव्हल्स, उसाच्या गाड्या यांची इथं दिवसरात्र ये-जा असते. उपचार न घेतलेल्या स्लीप ॲप्नियाच्या रुग्णाकडून गाडीचा अपघात होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त असल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे चालकाचा मास्क रात्री नीट बसला नाही, तर त्याची किंमत दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचा कुणीही मोजू शकतो.

दुसरी अडचण अंतराची. मास्क गळतो एवढ्या कारणासाठी दरवेळी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणं प्रत्येकाला परवडत नाही. म्हणूनच गळती कुठून होते आणि कुठल्या कुशीवर त्रास वाढतो, हे रुग्णाला आणि घरच्यांना स्वतः ओळखता आलं पाहिजे.

सीपॅप काय करतं?

सीपॅप ऑक्सिजन देत नाही. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबानं आत सोडतं. या हवेच्या दाबामुळे घसा आतून उघडा राहतो, जसा हवा भरलेला फुगा चपटा होत नाही. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हा उपचार पाच रुग्णांवर केल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा हवा दिली होती ती नाकातून. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

दाब ‘सेंटीमीटर पाणी’ या एककात मोजतात. घरगुती मशीनमध्ये तो साधारण ४ ते २० असतो. पण मशीननं सोडलेला दाब घशापर्यंत पोचतो की नाही, ते मास्कवर ठरतं. आणि घशाला किती दाब लागेल, ते बरंचसं तुम्ही कसे झोपता यावर ठरतं.

मास्कचे तीन प्रकार

१. नेझल पिलो: नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ गाद्या. सगळ्यात लहान. मिशी असणाऱ्यांना, चष्मा लावून वाचत पडणाऱ्यांना, बंदिस्त वाटून घाबरणाऱ्यांना आणि कुशीवर झोपणाऱ्यांना सोयीचा. दाब खूप जास्त असेल तर नाकपुड्या दुखू शकतात.

२. नेझल मास्क: पूर्ण नाक झाकणारा. दाब जास्त असला तरी बऱ्याच जणांना सोसतो.

३. फुल फेस मास्क: नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. ज्यांचं नाक कायम बंद असतं आणि तोंडानंच श्वास घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी.

मग तोंडानं श्वास घेणाऱ्या प्रत्येकानं फुल फेसच घ्यावा का?

दुकानात अनेकदा असंच सांगितलं जातं, पण गोष्ट इतकी सरळ नाही. अमेरिकेतल्या झोपविज्ञानाच्या प्रमुख संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फुल फेसपेक्षा नाकाच्या मास्कला प्राधान्य द्यावं, असं सुचवलं आहे. अभ्यासांत सरासरीनं असं दिसतं की फुल फेस वापरणाऱ्यांना जास्त दाब लागतो, गळती जास्त होते, अडथळे जास्त शिल्लक राहतात आणि लोक मशीन कमी तास वापरतात.

कारण शरीररचनेत आहे. हवा फक्त नाकातून गेली, तर ती टाळूच्या मागून येऊन जिभेला पुढे ढकलते. नाक आणि तोंड दोन्हीकडून सारख्याच दाबानं गेली, तर जिभेला पुढे ढकलणारा हा फरकच उरत नाही. त्यात पट्टे घट्ट आवळले तर मास्कचा खालचा भाग हनुवटीला मागे रेटतो आणि जबड्याबरोबर जीभही मागे जाते. ज्या वाटेला उघडायचं, तीच थोडी बंद होते.

म्हणून आधी नाक का बंद असतं ते शोधा. ॲलर्जी, वाढलेलं हाड, सततची सर्दी यांवर कान-नाक-घसा तज्ज्ञ उपचार करू शकतात. नाक मोकळं झालं की बऱ्याच जणांना नाकाचा मास्क चालतो. तरीही नाकानं श्वास जमतच नसेल, तर फुल फेस हाच योग्य पर्याय आहे. तो वाईट नाही, फक्त पहिला पर्याय नाही.

उताणं की कुशीवर?

उताणं झोपलं की जीभ आणि टाळू स्वतःच्या वजनानं मागे पडतात. डॉ. रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ साली उताण्या आणि कुशीवरच्या झोपेतले अडथळे वेगवेगळे मोजून दाखवले. ज्यांचा उताणं झोपतानाचा एएचआय कुशीवरच्या एएचआयच्या किमान दुप्पट असतो, त्यांचा आजार ‘स्थितीवर अवलंबून’ मानला जातो. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचे निम्म्याहून अधिक रुग्ण या गटात येतात.

तुमच्या स्लीप टेस्टच्या रिपोर्टमध्ये ‘सुपाइन’ म्हणजे उताणं आणि ‘नॉन-सुपाइन’ म्हणजे इतर स्थिती, असे दोन वेगळे आकडे आहेत का ते पाहा. समजा उताण्याचा आकडा ४० आणि कुशीवरचा १२ असेल, तर रात्रीचे किती तास तुम्ही पाठीवर होता, हाच कळीचा प्रश्न आहे. पाठीवर झोपताना लागणारा दाबही कुशीपेक्षा सरासरी २ ते ३ सेंटीमीटरनं जास्त असतो. दाब वाढला की गळती वाढते, गळती वाढली की पट्टे आवळले जातात, आणि सकाळी नाकाच्या दांडीवर वळ दिसतो.

कुशीवर राहण्याचा जुना उपाय म्हणजे बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायचा. तो काम करतो, पण टोचतो, म्हणून बहुतेक जण काही दिवसांनी सोडून देतात. पाठीशी लांब लोड ठेवणं जास्त सुखाचं पडतं. उशी फार जाड नको, कारण हनुवटी छातीकडे वाकली की घसा पुन्हा अरुंद होतो. गाडीच्या सीटवर मान टाकून झोपणाऱ्यांचंही हेच होतं.

मध्यम किंवा तीव्र आजारात फक्त कूस बदलून मशीन बंद करू नका. तो निर्णय कुशीवरच्या झोपेची टेस्ट करून डॉक्टरांनीच घ्यायचा.

दोन्हीचा मेळ कसा घालायचा?

कुशीवर झोपलं की घसा सुधारतो, पण उशी मास्कला एका बाजूनं ढकलते आणि हवा डोळ्याकडे सुटते. यासाठी:

• मास्क आडवं पडून, मशीन चालू करून, ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर बसवा. बसून घातलेला मास्क झोपल्यावर हलतोच.
• पट्टे आधी ढिले ठेवा, मग गळती थांबेल इतकेच ओढा.
• गाल उशीवर आणि मास्क उशीच्या कडेबाहेर राहील असं झोपा.
• नळी डोक्यावरून न्या. मच्छरदाणीच्या दोरीला किंवा खाटेच्या दांडीला सैल अडकवली तर कूस बदलताना मास्क ओढला जात नाही.
• कवळी काढून झोपत असाल तर मास्क कवळी काढूनच बसवून पाहा, कारण चेहऱ्याचा आकार बदलतो.
• मोरणी किंवा नथ गादीखाली येत असेल तर रात्री काढा. दाढीच्या खुंटांतूनही हवा सुटते.
• डोक्याला तेल, तोंडाला क्रीम लावून लगेच मास्क घालू नका. पट्टे घसरतात आणि सिलिकॉन लवकर खराब होतं.

तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर वापरा. त्यात बोअरचं पाणी नको, क्षार साचतात. डिस्टिल्ड पाणी घाला. मास्कची गादी रोज सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा.

लाईट गेली तर? इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर चालतं का ते आधीच विचारून घ्या. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते. काहीच सोय नसेल तर मास्क काढा आणि कुशीवर झोपा. कुशीची सवय अशा रात्री उपयोगी पडते.

या चुका टाळा

मास्कवरची बारीक छिद्रं कधीही बंद करू नका. तिथून येणारा फुसफुस आवाज म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वासाची हवा तिथूनच बाहेर पडते. दवाखान्यात वापरले जाणारे काही मास्क छिद्रांशिवाय असतात, ते घरच्या मशीनला लावू नका.

काही मास्कच्या पट्ट्यांत लोहचुंबकाच्या क्लिप असतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं तसं उपकरण असणाऱ्यांनी त्या वापरू नयेत, असे इशारे फिलिप्सनं २०२२ मध्ये आणि रेस्मेडनं २०२३ मध्ये दिले. शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हे लागू आहे.

ज्यांना स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही किंवा वारंवार उलट्या होतात, त्यांनी फुल फेस मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

डॉक्टरांना काय दाखवायचं?

मशीनच्या स्क्रीनवर तीन गोष्टी दिसतात: किती तास वापरलं, गळती किती, आणि शिल्लक एएचआय किती. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे आधी कूस, मग मास्क, आणि प्रत्येक बदलाचे सात दिवसांचे आकडे वहीत लिहा. सोबतीला झोपणाऱ्याला ‘घोरणं कुठल्या कुशीवर येतं’ हेही विचारा.

शिल्लक एएचआय ५ च्या वर राहत असेल, किंवा आकडे चांगले असूनही दिवसा पेंग येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पेंग येत असेल तोवर गाडी चालवू नका.