बोरघाटातली लूट आणि फरारी

मावळातून कोकणात उतरायला बोरघाट ही एकच वाट कधीच नव्हती. खंडाळ्याहून खोपोलीला जाणारा तो राजमार्ग. पण उत्तरेला राजमाचीच्या अंगाने आणि पुढे कुसूर घाटाने उतरता येते, लोणावळ्याच्या दक्षिणेला नागफणीजवळून कुरवंडे घाट सुटतो, आणि तैलबैलाच्या बाजूला सवाष्णी घाट आहे. लुटारू आणि पाठलाग करणारे यांच्यातला सगळा खेळ या जादा वाटांवर चालत आला. राजमार्गावर चौकी बसवता येते. रानातल्या प्रत्येक वाटेवर ती बसवायला कुठल्याच राज्याकडे तेवढी माणसे नव्हती. अनोळखी माणसाची या रानात काय गत होते, याचा धडा 1661च्या फेब्रुवारीत कारतलबखानाला मिळाला. तो मोठी मोगल फौज घेऊन लोहगडाकडून कुरवंडे घाटाने खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती अलगद सापडला. खंडणी भरून आणि सामानसुमान मागे टाकूनच त्याला परत फिरावे लागले.

या वाटा ज्यांना पाठ होत्या, त्यांच्याच हाती त्यांची राखण होती. डोंगरातले कोळी नाईक आणि देशावरचे रामोशी किल्ल्यांचे मेट, गावाची वेस आणि घाटाची चौकी सांभाळत आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घेत. चोरी झाली की राखणदाराने माग काढायचा. पायांचे ठसे, मोडलेल्या फांद्या, जनावरांचे खूर पाहत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन करायचा. माग जिथे अडला, त्या गावाने चोर दाखवावा, नाहीतर नुकसान भरून द्यावे, असा दंडक होता. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. राखणदार आणि लुटारू कधी कधी एकाच घरातले असत. तरीही जाणते लोक व्यवस्थेच्या आत राहत, ही तिची खरी ताकद होती.

1818च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरने लोहगड आणि विसापूर घेतले. पेशवाई बुडाली, गडांवरची शिबंदी मोडली, अनेकांचे हक्क कमी झाले किंवा गेले. काल घाट राखणारा माणूस आज बेकार झाला, पण वाटा त्याला तशाच ठाऊक होत्या. पुढच्या साठ वर्षांतल्या दरोड्यांचे मूळ स्वभावात नव्हे, या बेकारीत शोधले पाहिजे.

पुरंदर भागातल्या उमाजी नाईकांचा पसारा 1827पर्यंत घाटाखालीही पोचला होता. पनवेलजवळच्या प्रबळगडाच्या डोंगरात त्यांच्या रामोशांनी तळ ठोकला आणि सारा इंग्रजांना न देता आपल्याकडे भरावा, असे जाहीरनामे काढले. त्याच सुमारास मुरबाडचा सरकारी खजिना लुटला गेला. पलटणी पाठवूनही नाईक हाती लागेनात, तेव्हा सरकारने त्यांच्या बायकामुलांना कैदेत टाकले. ही युक्ती लागू पडली. नाईक बोलणी करायला आले, त्यांना माफी मिळाली आणि काही काळ सरकारी पगारावर राखणीचे कामही. पुढे ते पुन्हा बाहेर पडले. मग दहा हजार रुपये आणि जमिनीचे इनाम जाहीर झाले, फितुरी झाली आणि 15 डिसेंबर 1831 रोजी भोरजवळ उत्रोळीला ते पकडले गेले. 1832च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

फरार माणूस डोंगरात लपला तरी त्याचे घर गावातच असते, हे सरकारला इथे कळले. ज्यांनी कुठलाच गुन्हा केला नव्हता, अशा बायकांना आणि मुलांना ओलीस धरणे हा उघड अन्याय होता. पुढे कोळी बंडखोर राघोजी भांगऱ्यांच्या आईचाही छळ झाला. त्या वेळी उलटेच घडले. राघोजींचे बंड भडकले आणि गोसाव्याच्या वेशात फिरणाऱ्या राघोजींना 2 जानेवारी 1848 रोजी पंढरपुरात पकडेपर्यंत ते शमले नाही. त्यांना ठाण्यात फाशी झाली.

दरम्यान घाटाचे रूप पालटले. 1830 साली गव्हर्नर माल्कमच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1850च्या दशकात मुंबई-पुणे तारयंत्र आले. 14 जून 1858 रोजी खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, पण घाट अजून तोडलेला नव्हता. प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरत. घाटातल्या रेल्वेचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने तो ठेका पुढे चालवला. 21 एप्रिल 1863 रोजी बोरघाटाची लाइन खुली झाली. रोकड आता डब्यात बसून घाट ओलांडू लागली. वाटेवर वाटसरूला अडवण्यात पूर्वीइतका अर्थ उरला नाही आणि दरोडेखोरांचा मोर्चा सावकारांच्या वाड्यांकडे वळला.

1879 सालचे दरोडे याच प्रकारचे होते. वासुदेव बळवंत फडके मूळचे घाटाखालच्या शिरढोणचे. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरीला. दुष्काळातली उपासमार डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी रामोशांना जमवून बंड उभारले. बाहेर पडण्याआधी त्यांनी पत्नी गोपिकाबाईंना माहेरी पाठवले. फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिली धाड पडली. 10 आणि 11 मेच्या सुमारास फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या तुकडीने कोकणात उतरून पनवेलजवळची पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली.

लूट साधली, पण परतीची वाट घातक ठरली. पुण्याचा पोलीस अधिकारी मेजर डॅनिएल याच्या तुकडीने त्यांना गाठले आणि चकमकीत दौलतराव पडले. त्याच वर्षी पश्चिमेच्या डोंगरांत कृष्णा साबळे आणि त्याचा मुलगा मारुती या बापलेकांची कोळी टोळीही दरोडे घालत होती.

दौलतराव गेल्यावर फडके दक्षिणेला श्रीशैलापर्यंत गेले, निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज जमवू लागले. डॅनिएल मागावर होताच. हैदराबादचा पोलीस अधिकारी अब्दुल हक त्याच्या मदतीला होता. जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावदगी गावी, तापाने थकून झोपलेले फडके पकडले गेले. पुण्यातल्या खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले. जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला नेण्यात आले. 1880च्या ऑक्टोबरमध्ये ते तिथल्या तुरुंगातूनही निसटले, पण रान अनोळखी, भाषा परकी. काही तासांतच पुन्हा पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगातच त्यांचा अंत झाला. माहेरी पाठवलेल्या गोपिकाबाईंनी पुढचे सगळे आयुष्य वैधव्यात काढले.