आमची टायरगाडी

आमच्या घराला चाकं होती असं मी सांगतो तेव्हा नातवंडांना गंमत वाटते. त्यांना वाटतं आजोबा टीव्हीतल्यासारखं काहीतरी बोलतात. पण वर्षातले सहा महिने आमचं घर खरोखरच गाडीत असायचं. दसरा झाला की निघायचं ते अक्षय तृतीयेच्या आसपास परत. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूरच्या बालाघाटी पट्ट्यात असं घर न सोडलेली माणसं तेव्हा मोजकीच होती.

हे कसं सुरू झालं ते थोडं सांगतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरं झालं आणि कालव्याखाली ऊस आला. पुढं १९५० च्या सुमाराला लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या मदतीनं सहकारी साखर कारखाना उभा केला. मग एकामागून एक कारखाने निघाले. ऊस तिकडं, पाणी तिकडं. तोडायला हात मात्र आमच्याकडचे. आमच्याकडं पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर तेही नाही. १९७२ च्या दुष्काळात आई आणि आबा रोजगार हमीच्या खडीवर होते, मी शाळा सुटल्यावर तिथंच जायचो. त्या दुष्काळानंतर ज्यानं कधी कोयता धरला नव्हता त्यानंही धरला.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्यावर उचल देतो आणि ती हंगामभर फिटत राहते. ज्याच्याजवळ बैल आणि गाडी त्याला वाहतुकीचे पैसे वेगळे, वर उसाचं वाढं विकून चार पैसे. गाडी नसेल तर ती भाड्यानं घ्यायची, आणि ते भाडंही उचलीतूनच वळतं व्हायचं. आबांनी चार हंगाम भाड्याची गाडी ओढली. शेवटी हिशेबाला बसले तेव्हा मुकादमाच्या वहीत आमच्याकडंच येणं निघालं. आबांना लिहितावाचता येत नव्हतं. मी दहावी झालेला, मी वही बघायला मागितली तर मुकादम हसला. वाटेत आबा एवढंच म्हणाले, "औंदा गाडी आपली पायजे."

हे १९८० सालचं. घरी जुनी लाकडी गाडी होती, बाभळीच्या तुंब्याची. लाकडी चाकाचं काम मी लहानपणी पाहिलेलं. सुतार आरे-पाटे बसवायचा, मग लोहार गोवऱ्यांच्या भट्टीत लोखंडी धाव लाल करायचा, चौघं सांडशीनं धरून ती चाकावर बसवायचे आणि वरून पाण्याच्या घागरी ओतायचे. धाव आवळली की चाक कडकड वाजायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली गावाच्या कारभारावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'गावगाडा' ठेवलं. गावाला गाडाच म्हणावं असं त्यांना का वाटलं, हे तो आवाज ऐकलेल्याला सांगावं लागत नाही. पण ती अरुंद धाव डांबरी रस्ता उखडते, ओल्या काळ्या रानात सुरीसारखी रुतते, आणि उसाचं ओझं तिला झेपत नाही. म्हणून कारखान्यांवर रबरी टायरची गाडी आली. तिला लोक डनलॉप म्हणायचे, मग टायर कुणाच्याही कंपनीचा असो.

नवीन गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती. नगरच्या भंगारातून जीपचे दोन हब आणि चार जुने टायर आणले, दोन लावायला आणि दोन राखीव. चौरस लोखंडी दांड्याचा आख घेतला, त्याची टोकं लेथवर उतरवून बेअरिंग बसवले. आख किती लांब ठेवायचा यावर सुतारमामांचा आणि माझा वाद झाला. मी म्हणालो, रुंद ठेवू, गाडी कलंडणार नाही. मामा म्हणाले, "पोरा, रानातल्या चाकोऱ्या जुन्या गाड्यांनी पाडल्यात. तुझं एक चाक चाकोरीत आन एक बांधावर चालायचं." त्यांचंच ऐकलं. दहावीच्या पुस्तकात चाकोरीबाहेर जाण्याचं फार कौतुक होतं, पण ते पुस्तक लिहिणाऱ्यानं पावसाळ्यात गाडी हाकली नसावी.

दुसरी अडचण उंचीची. लाकडी चाक माणसाच्या छातीला लागायचं, जीपचं चाक मांडीला. साटा खाली बसला की धुरी बैलाच्या खांद्यापर्यंत पोचेना. मग आख आणि साटा यांच्यामध्ये बाभळीचे ठोकळे घातले, पोलादी पट्टीनं आवळले. वर बांबूच्या कामट्या वाकवून टप केला, त्यावर ताडपत्री. साट्याखाली मागच्या बाजूला फळ्यांचं एक खोकं लटकवलं, त्यात तवा, पातेली, कंदील. आत पुढच्या बाजूला ज्वारीचं पोतं, त्यावर गोधड्या, त्यावर माझी बहीण सुमन. ती नऊ वर्षांची, तिसरीत होती. तिला ते घर फार आवडलं. तिनं टपाच्या कामटीला आपली पाटी टांगली.

पहिल्या दिवशी तीन कोसांवर बैलांचे खांदे सुजले. आईच्या लक्षात आधी आलं. ज्वारीचं पोतं पुढं, म्हणजे सगळं ओझं जुवावर. तिनं ते आखाच्या जरा मागं सरकवायला लावलं, आणि कोंबड्यांची डालगीही मागं बांधली. फार मागं गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलाला गळफास बसतो. तिची रीत साधी होती: जू एका हातानं उचललं पाहिजे, आणि सोडलं की आपोआप खाली आलं पाहिजे. अजून ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली भरताना मी हेच बघतो.

जे कुणाच्याच लक्षात आलं नाही ते ब्रेकचं. लाकडी गाडी उतारावरसुद्धा जड चालते, तिला धरावं लागत नाही. रबरी चाक आणि बेअरिंग म्हणजे ढकललं की सुटलं. कडा ओलांडल्यावर नगरकडच्या एका उतारावर गाडी बैलांच्या अंगावर आली. आबा कासरा ओढत पुढं पळत होते, मी मागून साटा धरून लोंबकळत होतो, सुमन आत ओरडत होती. डाव्या बाजूचा सर्जा गुडघ्यावर पडला आणि त्याच्या पडण्यानंच गाडी थांबली. सुमनला फक्त खरचटलं. सर्जाचा पाय गेला. नगरच्या बाजारात तो कुणी आणि कशासाठी घेतला ते आबांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दुसरा बैल घ्यायला मुकादमाकडूनच पैसे उचलले. आपली गाडी झाली तरी वही तीच राहिली.

त्याच बाजारातून एक जाड दोरखंड आणला. बाभळीचा ओंडका तासून चाकामागं आडवा बांधला, दोरी ओढली की ओंडका टायरला घासायचा. पुढं आमच्या टोळीतल्या सहा गाड्यांना मी तसाच ब्रेक करून दिला. कारखान्यावर पोचलो की टप उचलून जमिनीवर ठेवायचा, बाजूंनी पाचट लावायचं, झाली कोपी. गाडी मोकळी झाली की तिच्यात ऊस.

ती गाडी अकरा हंगाम चालली. चौथ्या हंगामात वही कोरी झाली. त्या दिवशी मी स्वतः बेरीज केली आणि मुकादम हसला नाही. पण सुमन तिसरीतून पुढं गेलीच नाही. पहिल्या वर्षी परत आलो तेव्हा परीक्षा होऊन गेलेली, दुसऱ्या वर्षी गुरुजींनी नाव कमी केलेलं. मी टप बांधला, ब्रेक बसवला, आखाचं माप काढलं, पण तिला आजीजवळ ठेवावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. आजी तेव्हा धडधाकट होती. मी दहावी शिकलेला, ते मला सुचायला हवं होतं.

आता बऱ्याच फडांवर छोट्या ट्रॅक्टरला गाड्या जोडून ऊस ओढतात. आमच्या गाडीचा आख अजून आहे, त्यावर पाण्याची टाकी बसवून मी डाळिंबाला फवारणी करतो. सुमन दिवाळीला आली की एकदा तरी तिकडं चक्कर मारते. मागच्या वर्षी वाकून बघत होती. म्हणाली, "दादा, खालचं खोकं कुठं गेलं रे?" मी म्हणालो, वाळवीनं खाल्लं. "त्यात माझी पाटी होती," ती म्हणाली.